पाळण्याच्या पत्रिकेवरचा चौकोन

नव्या बापाने काय करावे, हे अमरावती शहरात माझ्याइतके कोणालाच कळत नाही. कारण त्या विषयावरचे पत्रक मीच लिहिले आहे.

पत्रकाचे नाव 'नव्या बापा, जागा हो!' आमच्या 'खर्च आवरा अभियाना'चा मी प्रचारप्रमुख. (प्रमुखही मी, प्रचारकही मी आणि मोटारसायकलला गठ्ठे बांधणाराही मीच.) त्यात मी समस्त बापांना फैलावर घेतले होते. फुगे नंतर, आधी बाळाचा आरोग्य विमा! सहा महिने घर चालेल एवढी रक्कम बाजूला! स्वतःचा साधा मुदतीचा विमा काढा, आणि 'बाळाचे उज्ज्वल भविष्य' विकायला आलेल्या पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावा! रात्री लंगोट बदलणे हे बायकोवर उपकार नव्हेत!

तेव्हा मला मूल नव्हते. (म्हणूनच एवढे ठासून लिहिता आले.)

मग मुलगी झाली. पहिले बाळंतपण म्हणून बायको, वैशाली, अकोल्याला माहेरी होती आणि मी अमरावतीत इतर बापांना जागे करत फिरत होतो. सहा महिन्यांची रक्कम? ती पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. विमा? विम्याच्या माणसाने सांगितले, "आमच्या पॉलिसीत बाळाले तीन महिने झाल्यावरच घेता येते." हे ऐकून मला जो आनंद झाला, तो मुलगी झाली तेव्हाच्या आनंदाच्या फार खाली नव्हता.

वैशालीला मात्र अजिबात झाला नाही. तिच्या मावसबहिणीचे बाळ अकरा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होते आणि बिलापायी त्यांची मोटारसायकल आणि मंगळसूत्र दोन्ही गेले होते. तिने फोनवर सरळ सांगितले, "पाळणा पोरीले तीन महिने झाल्यावर ठेवला आहे. त्याच्यानंतर आठ दिवसांत तिचा विमा झाला पायजे. नाई झाला तं मी अमरावतीले येत नाई, बडनेऱ्याच्या स्टेशनावरबी पाय ठेवत नाई. तुमी अन् तुमचं पत्रक, दोघं राहा तिकडं."

माझ्या डोक्यात लगेच कल्पना आली. (इथून पुढे जे झाले त्याला ही कल्पना जबाबदार आहे, मी नाही.)

आमच्याकडे बारशाला आहेर म्हणजे टॉवेल, टोपी आणि ब्लाउजपीस. यातला ब्लाउजपीस कोणी शिवत नाही. तो या घरातून त्या घरात फिरतो. आमच्या लग्नातला एक जांभळा ब्लाउजपीस चार वर्षांत अकोला, मूर्तिजापूर, चांदूर रेल्वे करून परत आमच्याकडेच आला होता! हा मूर्खपणा थांबलाच पाहिजे! मी पत्रिकेवर छापले: 'वस्तू नकोत, चांदीचे वाळे नकोत. खालचा चौकोन मोबाईलने स्कॅन करा आणि बाळाच्या भविष्याला हातभार लावा.' त्या पैशांतून विमा. वा!

सासूबाई म्हणाल्या, "जवाईबुवा, पत्रिकेवर पैशे मांगता? लोक हासतीन."

"हसू द्या, मामी! सुधारणेला लोक आधी हसतातच!" (आमच्याकडे सासूला मामी म्हणतात.)

आमची सगळी पत्रके ज्या छापखान्यात होतात तिथेच पत्रिका टाकली. छापणाऱ्याने विचारले, "खाली काय टाकू गा?" मी मोटारसायकलला किक मारत म्हणालो, "नेहमीचंच टाक." मला नेहमीची वेलबुट्टी म्हणायची होती. बाळाच्या नावाने मी उघडलेल्या खात्याचा चौकोन मी त्याला पाठवलाच नव्हता, हे मला आठवलेदेखील नाही. प्रूफ मात्र तीनदा वाचले. एकही काना-मात्रा चुकला नव्हता!

पाळण्याच्या दिवशी अकोल्याच्या घरासमोर मांडव भरला. माझ्या बहिणीने मुलीच्या कानात नाव सांगितले आणि मी माइक घेतला. वीस मिनिटे बोललो. पाळण्यातून जोरदार विरोध होत होता. मी अशा विरोधाला भीक घालत नाही. पाहुणे मोबाईल काढून भराभर पैसे पाठवू लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

तेवढ्यात वैशालीचे मूर्तिजापूरचे मामा जवळ आले. "काय गा जवाई, याच्यात पोरीचं नाव नाई दाखवत. खर्च आवरा अभियान दाखवते. कावून?"

मी नवे घोषवाक्य आठवत होतो. घाईत म्हणालो, "दाखवू द्या मामा, आपलंच आहे."

आपलंच आहे! हे दोन शब्द मी आता कुठल्याही पत्रकात वापरत नाही.

जेवणे उरकली. वैशालीने विचारले, "किती जमले?" मी बाळाचे खाते उघडले. शून्य. परत उघडले. शून्यच. तेवढ्यात अमरावतीहून आमचे खजिनदार तायडे सर यांचा फोन. सर निवृत्त गणित शिक्षक. आवाज गहिवरलेला. "अभिनंदन! आज अकोल्यातून देणग्यांचा पूर आला! सत्तावीस हजार! असं कोणतं भाषण केलं बापा तू?"

आमच्या प्रत्येक पत्रकाखाली अभियानाच्या देणगीचा चौकोन असतो; छापणाऱ्याने 'नेहमीचा' म्हणून तोच टाकला होता! वैशाली माझ्याकडे पाहत होती. मी फोनवर एवढेच म्हणालो, "सर, मी उद्या येतो."

"ये ना! सत्कार करू!"

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे चूक कबूल केली. सरांनी शांतपणे कपाटातून अभियानाची नियमावली काढली. "कलम नऊ वाच." मला वाचायची गरज नव्हती. कलम नऊ मीच लिहिले होते: अभियानाच्या निधीतून कोणत्याही पदाधिकाऱ्यास वा त्याच्या नातेवाइकास, कोणत्याही कारणाने, एक रुपयाही दिला जाणार नाही. 'कोणत्याही कारणाने' या शब्दांखाली मी स्वतः रेघ मारली होती.

"सर, ते भ्रष्ट लोकांसाठी होतं!"

"भ्रष्ट मानूस असंच म्हणते," सर म्हणाले.

कार्यकारिणी बसली. माझ्याविरुद्ध माझीच पत्रके वाचून दाखवण्यात आली. (भाषा फार प्रभावी होती. मलाही पटले.) शेवटी एक वाट काढली: ज्याने पैसे पाठवले त्याने स्वतः लेखी अर्ज केला, तरच त्याचे त्याला परत. मी यादी घेऊन फोनला बसलो. सुरुवात मामांपासून.

"मामा, ते पैसे तेवढे वापस मागा ना."

"काय बोलून राह्यला तू? पोरीच्या पाळण्यात देल्लेले पैशे वापस मांगू? लोक तोंडात शेण घालतीन माह्या! तूच म्हणला नं, आपलंच आहे?"

छत्तीस जणांना फोन केले. छत्तीस जणांची इज्जत आडवी आली. एकाने तर आणखी एकशे एक रुपये पाठवले, अभियानालाच! मी पगाराची उचल मागितली. साहेबांनी सहानुभूतीने आमचेच एक पत्रक पुढे केले: 'उचल घेणे टाळा.'

आठव्या दिवशी मी रिकाम्या हाताने अकोल्याला गेलो. रस्ताभर वाक्ये जुळवत होतो. 'वैशाली, समाजकार्यात त्याग करावा लागतो.' नको. 'वैशाली, संस्था मोठी की व्यक्ती?' नकोच. दारात पोचेपर्यंत एकच वाक्य उरले.

"चुकलं माझं. विमा नाही झाला."

"माहीत आहे मले," वैशाली म्हणाली. "बसा. बॅगा भरून झाल्या. उद्याच्या गाडीनं येतो आमी."

मी सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "ज्या म्हाताऱ्यायजोळ मोबाईल नाई, त्यायनं पोरीचं तोंड पाह्यलं अन् तिच्या मुठीत नोटा ठेवल्या. मुठीत काई ठेवल्याबिगर लेकराचं तोंड पाहत नसतात. तुमची पत्रिका त्यायले वाचता येत नाई. नशीब पोरीचं!"

त्या नोटा आणि शाळेच्या नोकरीतली स्वतःची शिल्लक घालून वैशालीने आदल्या दिवशीच तिघांची पॉलिसी काढली होती. म्हणजे ज्यांनी माझे ऐकले त्यांचे पैसे अभियानाला गेले, आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांनी माझा संसार उभा ठेवला.

मी पॉलिसी बारकाईने वाचली. (सवय!) पॉलिसीधारक: वैशाली. वारस: तिची आई. आश्रित क्रमांक एक: मुलगी, वय तीन महिने. आश्रित क्रमांक दोन: मी.

"मले दोन नंबरवर कावून टाकलं?" अपमानाने माझीही भाषा घरगुती झाली. "मी वयानं मोठा आहे!"

"वयानं नाई लावलं," वैशाली म्हणाली. "भरवशानं लावलं."

मी पाळण्यात वाकून पाहिले. आश्रित क्रमांक एक आपली मूठ तोंडात कोंबत होती. तिने निदान मुठीत आलेला पैसा संस्थेला देऊन टाकला नव्हता.