लुसाकाला लाइट जाते तेव्हा

निवृत्त माणसाकडे नवे किस्से येत नाहीत. जुने इतक्यांदा सांगून झालेले असतात की ऐकणाराच मध्ये थांबवून तपशील दुरुस्त करतो. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या पायरीवर मी, परब आणि कोठारे असे एकाच ऑफिसातले तीन माजी कारकून रोज संध्याकाळी बसतो. आमचा साठा संपत आला होता. तेवढ्यात माझी मुलगी मुग्धा नवऱ्याबरोबर आफ्रिकेत, झांबियातल्या लुसाकाला राहायला गेली. तिथे लाइट रोज जाते. तेव्हापासून आमचा पुरवठा सुरळीत आहे.

मुग्धाची नोकरी मात्र परळच्या एका कंपनीत. काम लुसाकाहून, ऑनलाइन. सहा महिन्यांचं प्रोबेशन. साहेबांनी आधीच बजावलं होतं, "लाइटची कारणं चालणार नाहीत." ती परमनंट होते की नाही, याची काळजी तिच्यापेक्षा आम्हा तिघांना जास्त. परमनंट होण्याखेरीज आम्ही आयुष्यात दुसरं काही मिळवलेलं नव्हतं.

*

तिने लाइट जाण्याचं वेळापत्रक पाठवलं. परबची हयात आस्थापना विभागात गेलेली. त्याने साडेतीन तास मिळवून ते आपल्या वेळेत बसवलं, लाल-निळ्या शाईत उतरवलं आणि चाळीच्या फळ्यावर लावलं. हेतू हा की भलत्या वेळी कोणी तिला फोन करू नये. मथळा दिला, 'लाइट बंद राहण्याच्या वेळा'. गावाचं नाव लिहायचं राहिलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या लिमयेकाकूंनी दुपारी दोनच्या आत इडलीचं सगळं वाटून ठेवलं. लाइट काही गेली नाही. संध्याकाळी त्या परबला म्हणाल्या, "तुमच्या कामात पूर्वीचा चोखपणा राहिला नाही हो."

*

मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला की पडदा काळा आणि आतून आवाज.

"बारीक झालीस का गं?" आमची ही विचारायची.

"आई, तुला काय दिसतंय?"

"काहीच नाही. म्हणून तर विचारतेय."

*

शेवटी आम्ही दोघं दोन महिने तिथे राहून आलो. जावई शैलेश पॉझिटिव्ह माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाबा, लाइट जाण्याकडे संधी म्हणून बघायचं. मी पंचवीस फायद्यांची यादी केलीय."

"वाचून दाखवा की."

"लॅपटॉपवर आहे. चारला लाइट आली की दाखवतो."

*

मुग्धाचा भर कामावर. लाइट आली की एक मिनिट फुकट घालवायचं नाही, म्हणून तिने कामं वाटून दिली होती. शैलेशकडे वॉशिंग मशीन, हिच्याकडे मिक्सर, माझ्याकडे इस्त्री, तिच्याकडे गीझर आणि सगळे चार्जर. लाइट आली. चौघांनी एकदम बटणं दाबली. घराचा मेन स्विच पडला. खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या घरात टीव्ही चालू होता.

ही म्हणाली, "आता सरकारला बोलू नका. ही आपण घालवलीय."

*

आम्ही परतलो आणि प्रोबेशनची शेवटची मीटिंग ठरली. परळला दुपारी अडीच, लुसाकाला सकाळी अकरा. मुग्धाने सहा महिन्यांचं काम मांडायचं, मग साहेब ठरवणार. फळ्यावर बघितलं, तर नेमकी त्याच वेळी तिथली लाइट जाणार होती. तिने बॅटऱ्या भरून ठेवल्या.

कोठारे म्हणाला, "बॅटरीचा काय भरवसा? कागद कधी बंद पडत नाही."

म्हणून परब मुग्धाच्या रिपोर्टच्या पाच प्रती टाचून, इस्त्रीचा शर्ट घालून परळला गेला. रिसेप्शनवर म्हणाला, "मी मुग्धातर्फे. स्टँडबाय." असं कोणी याआधी आलं नसल्यामुळे त्यांनी त्याला बसवून ठेवलं.

मुग्धाने बोलायला सुरुवात केली. पाच मिनिटांत समोरचे सगळे चेहरे गायब झाले.

"सॉरी सर, आमची लाइट गेली," ती सवयीने म्हणाली. मग तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता. लुसाकाने त्या दिवशी वेळापत्रक पाळलं नव्हतं.

लाइट परळला गेली होती. इमारतीच्या मीटर रूममध्ये काहीतरी जळलं होतं. अंधारलेल्या मीटिंग रूममध्ये पाच साहेब एकमेकांना "तुझं वायफाय चालतंय का?" असं विचारत बसले होते. परब आत गेला. खिडकीचे पडदे बाजूला सारले. प्रत्येकापुढे एक प्रत ठेवली. टेबलाच्या मधोमध आपला मोबाइल ठेवून मुग्धाला फोन लावला आणि म्हणाला, "बोल गो बाय. पान तीन."

पाऊण तासाने मीटिंग संपली. मुग्धा परमनंट झाली. मोठे साहेब परबला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "काका, अशी माणसं आता मिळत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे याल का?"

परब म्हणाला, "नको साहेब. तुमच्याकडे लाइट जाते."