चवीचं मशीन

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मला शाल दिली. सूत्रसंचालन करणारा माझाच जुना विद्यार्थी. तो माईकवर म्हणाला, "बाकीच्या कॉलेजांत सर लोक फ्लॉप्या घेऊन मशीनमागून मशीन फिरत होते, तेव्हा आपल्या सरांनी लॅबमधलं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट व्हायची सोय केली होती." टाळ्या वाजल्या. मी हात जोडून खाली बसलो. शाल घरी आणली, ती अजून पिशवीतच आहे.

ती सोय मी केली नव्हती. एका मॅडमनी केली होती, आणि त्यांना त्या कॉलेजात मी टिकू दिलं नाही. आता वय झालं आहे. खोटं माझ्या नावावर ठेवून जायचं नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आमचं तंत्रनिकेतन नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, उसाच्या पट्ट्यात होतं. संगणकाची एकच लॅब, तिचा प्रमुख मी. मशीन निम्मी जुनी, निम्मी नवी, आणि सगळी एका सर्व्हरला वायरीने जोडलेली. पोरं कुठून कुठून फ्लॉप्या आणायची आणि त्यातून व्हायरस यायचा. त्यावरच्या औषधाच्या, म्हणजे अँटीव्हायरसच्या, नव्या फ्लॉप्या पुण्याहून यायच्या. त्या घेऊन मी दर शनिवारी फेरी काढायचो. एका मशीनसमोर बसायचं, फ्लॉपी घालायची, कॉपी होईपर्यंत थांबायचं, मग पुढच्या खुर्चीवर. पोरं दारात चपला काढून उभी राहायची. मी उठल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही. फ्लॉप्यांचा डबा कुलपाचा होता आणि किल्ली माझ्या जानव्यासारखी कायम अंगावर असायची. पोरं मला फ्लॉपी सर म्हणायची. ते मला आवडायचं, हे कबूल करतो.

मॅडम तासिका तत्त्वावर आल्या. बेलापूरहून रोज एसटीने यायच्या. वय पंचविशीच्या आसपास, बोलणं हळू. पहिल्या शनिवारी त्या माझी फेरी बघत उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सर, हे सर्व्हरवरून करता येईल का? पोरगं लॉगिन करेल तेव्हा मशीननेच सर्व्हरला विचारायचं, नवी प्रत आली का म्हणून. आली असेल तर घ्यायची."

"मशीन कशाला विचारेल?" मी म्हणालो.

"आपण शिकवलं तर विचारेल."

त्या हसून बोलल्या, टोमणा नव्हता. पण मला तो लागला. पंधरवड्यात त्यांनी तो छोटा प्रोग्रॅम लिहिला. पोरगं लॉगिन करायचं, पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ यायची, 'थांबा, नवी प्रत येते आहे', आणि काम व्हायचं. पोरं त्या ओळीवर खूश. एकमेकांना चहाच्या टपरीवर म्हणायची, "थांबा, नवा चहा येतो आहे."

माझी शनिवारची फेरी संपली. काम कमी झालं तर माणसाला बरं वाटायला हवं. मला मात्र शनिवार खायला उठायचा. मी लॅबमध्ये जाऊन बसायचो, डब्याचं कुलूप उघडायचो, परत लावायचो. आमचे शिपाई मामा एकदा टेबल पुसत म्हणाले, "सर, लई बरं झालं. मॅडमनी तुमची वारी बंद केली."

"वारी नव्हती मामा, काम होतं."

"तेच की. आता पोरं न्हाई ताटकळत दारात." आणि चहाचा पहिला कप त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला. तोपर्यंत तो माझ्याकडे यायचा. कुणी ठरवून केलं नसेल. पण त्या दिवसापासून मी रोज बघू लागलो, पहिला कप कुठे जातो ते.

घरीही मी तेच बोलत असणार, कारण बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या बाईचं नाव जितक्यांदा घेता, तितक्यांदा देवाचं घेतलं असतं तर आतापोतर मोक्ष मिळाला असता." ती सोनईची, तोंडाची फटकळ. मी ताटावरून उठलो. ती मागून म्हणाली, "उठा, उठा. भाकरीवर का राग काढता? तिनं काय घेतलं तुमचं?"



मॅडमच्या कामात एक पद्धत होती, ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लॅबच्या कोपऱ्यात सगळ्यात जुनं, सगळ्यात कमी ताकदीचं एक मशीन होतं. त्या म्हणायच्या, पंगतीला वाढायच्या आधी आचारी आमटीची चव बघतो, तसं करू. नवी फ्लॉपी आली की ती आधी ह्या मशीनवर टाकायची, मशीन बंद करून परत सुरू करायचं, दिवसभर वापरायचं. इथं चाललं तर कुठेही चालेल. मगच सर्व्हरवर, कारण सर्व्हरवर गेलं की ते सगळ्यांच्या पानात गेलं. पोरांनी त्याला चवीचं मशीन असं नाव पाडलं. मी फेरी काढायचो तेव्हा बिघडलंच तर पहिल्याच मशीनवर कळायचं आणि मी थांबायचो. आपोआप होणाऱ्या कामाला थांबवणारं कुणी नसतं, हे त्या बाईंना माझ्याआधी कळलं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी वर्कशॉपमधले लेथ, ड्रिल, सगळ्यांची पूजा व्हायची, आणि लॅबमध्ये पाटावर माझा फ्लॉप्यांचा डबा ठेवला जायचा. हळदकुंकू, झेंडू, वर नारळ. त्या वर्षी प्राचार्य आले आणि म्हणाले, "यंदा सर्व्हरची पूजा करू. मॅडमच्या हातून."

मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्याकडे पूजा करत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत. पूजा सरांनीच करावी, दरवर्षी तेच करतात. माळा मी लावते."

त्यांनी खरंच प्रत्येक मशीनला नीट मापाच्या माळा लावल्या. मी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं. दरवर्षी माझी असलेली पूजा त्या वर्षी मला त्यांनी दिली, असं मला वाटलं. डबा खाली टेबलाच्या पायाशी होता. त्यावर मामांनी उरलेली दोन फुलं टाकली.

त्यानंतर कायमच्या जागेची जाहिरात निघाली. जागा एकच. मॅडमनी अर्ज केला. वडील साखर कारखान्यातून निवृत्त होणार होते, धाकटा भाऊ शिकत होता, ह्या नोकरीवर घर उभं राहणार होतं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "तुम्ही समितीपुढे दोन शब्द बोललात तर फरक पडेल, सर." मी मान हलवली होती.

बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी होती. शुक्रवारी पुण्याहून नवी फ्लॉपी आली. मॅडमच्या चुलतभावाचा साखरपुडा रविवारी होता, शनिवारची रजा घेऊन त्या निघाल्या होत्या. फ्लॉपी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सर, जमलं तर चव बघा. ठीक वाटलं तरच सर्व्हरवर टाका. नाहीतर परीक्षा होऊ द्या, घाई नाही."

शनिवारी सकाळी लॅब रिकामी होती. मी ती फ्लॉपी चवीच्या मशीनवर टाकली, मशीन बंद केलं, सुरू केलं. कंपनीचं नाव आलं, मेमरी मोजली गेली, आणि पडदा तिथेच गोठला. खालची लुकलुकणारी रेघसुद्धा थांबली. नवं औषध जुन्या मशीनला झेपत नव्हतं.

मला आनंद झाला. हे लिहायला सगळ्यात जड जातं आहे. मला वाटलं, बघा, तुमची आपोआपची मजा. पण लगेच दुसरा विचार आला. सोमवारी मी हे सांगितलं की काय होणार? मॅडम म्हणणार, चव बघितली म्हणून वाचलो. प्राचार्य म्हणणार, वा. मामा चहाचा पहिला कप त्यांच्याकडे नेणार. आणि मुलाखतीत हीच गोष्ट त्या सांगणार. म्हणजे बिघडलेली फ्लॉपीसुद्धा त्यांच्याच कामी येणार होती.

मी चवीच्या मशीनवरून ते काढून टाकलं, मशीन पहिल्यासारखं केलं. मग उठलो आणि ती फ्लॉपी सर्व्हरमध्ये घातली.

दुपारी पोरं सरावाला आली. चवीचं मशीन सोडून बाकीच्या मशीनवर एकेकाने लॉगिन केलं, आणि एकेका पडद्यावर ओळ येत गेली, 'थांबा, नवी प्रत येते आहे'. तेव्हा काही बिघडलं नाही. बिघडणार होतं ते मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होताना. मी दाराशी उभा राहून बघत होतो. एवढ्या वेळात कितीदा तरी "बंद करा रे" म्हणता आलं असतं. संध्याकाळी पोरांनी मशीन बंद केली, खुर्च्या आत सरकवल्या आणि मला "येतो सर" म्हणून गेली.

सोमवारी बाहेरचे परीक्षक आले. नवी मशीन सुरू झाली, जुनी सगळी मेमरी मोजून गोठली. सर्व्हरपर्यंत ती पोचतच नव्हती, त्यामुळे सर्व्हरवरून दुरुस्तही करता येईना. निम्मी पोरं सीट नंबर धरून उभी. प्राचार्यांचा चेहरा उतरला. "कुणी केलं हे?"

मी म्हणालो, "कुणी केलं नाही, सर. हे आपोआप होतं आता."

तेवढ्यात मॅडम आल्या, एसटीच्या धुळीतून, केसांत साखरपुड्याचा गजरा वाळलेला. त्यांनी दोन पडदे बघितले आणि सरळ माझ्याकडे आल्या. "सर, चव बघितली होती ना?"

"बघितली होती. चांगली चालली."

त्या कोपऱ्यात गेल्या. चवीचं मशीन सुरू केलं. ते व्यवस्थित सुरू झालं. खिडकीशी बसून ते एकटंच जुनं मशीन नीट चालत होतं. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "इथं तीच प्रत चालते, मग माझ्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकलं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. बाकीची जुनी मशीन सांगत होती त्यापेक्षा माझ्या शब्दावर.

मी डब्याचं कुलूप काढलं. फ्लॉपीवरून एकेक जुनं मशीन सुरू केलं, सुरू होताना ते औषध चालवणारी एक ओळ खोडली, पुढच्या खुर्चीवर गेलो. पोरं दारात चपला काढून उभी होती. परीक्षा दुपारी सुरू झाली. परीक्षक म्हणाले, "जुनी माणसं असावीत बुवा." प्राचार्य म्हणाले, "शेवटी फ्लॉपीच कामाला आली." मामांनी चहा आधी माझ्याकडे आणला. मी तो प्यायलो.

मुलाखतीत समितीने त्यांना परीक्षेच्या गोंधळाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, पण अजून सापडलेली नाही." दुसऱ्या उमेदवाराला घेतलं. बाहेर काही जण म्हणत होते की जात आड आली. समितीच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण हातात काठी मी दिली होती. दोन शब्द बोलायला समितीने मला बोलावलंच होतं, मी बोललो नाही.

जायच्या दिवशी मॅडमनी तो प्रोग्रॅम मला ओळ न ओळ समजावून दिला. "यात कुठेतरी चूक आहे, सर. मी महिनाभर शोधते आहे. तुम्हाला सापडली तर कळवा."

पुढे लॅब वाढली, मशीन वाढली, फेरी काढणं अशक्य झालं. मी तोच प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. एक अक्षर बदललं नाही. निवृत्त होईपर्यंत तो चालला. चवीचं मशीनसुद्धा ठेवलं आणि पोरांना त्याचं महत्त्व शिकवलं. नवी पोरं ते माझंच समजायची. मी दुरुस्त केलं नाही.

मेळाव्यानंतर एका विद्यार्थ्याकडून मॅडमचा नंबर घेतला. त्या पुण्यात असतात, एका मोठ्या कंपनीत हेच काम करतात, ऑफिसाऑफिसांतल्या मशीनवर नव्या प्रती पाठवायचं. आवाज तसाच हळू. "बोला ना, सर. तब्येत कशी आहे?"

मी सगळं सांगितलं, वर लिहिलं तसंच.  

मग त्यांनी विचारलं, "चवीच्या मशीनवर अडकलं होतं? नक्की?"

"नक्की. मेमरी मोजली आणि थांबलं."

"म्हणजे चूक नव्हती."

"नव्हती, मॅडम."

"मी अजूनही कुठल्याही ऑफिसात नवी प्रत पाठवली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो, सर. सगळं तपासलेलं असतं तरी. घरचे हसतात मला."  मग त्या म्हणाल्या, "ठेवते," आणि फोन ठेवला.