बांधावरची बाटली

सातपूरला मी फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण हातानं जे शिकलो ते कुणी काढून घेऊ शकलं नाही. कंपनीत जन्मभर सायकलीवर गेलो. पाऊस असो, रात्रपाळी असो, दुसऱ्याच्या मोटारसायकलीवर मागं बसलो नाही. थोरली पोरगी आणि धाकटा पोरगा, दोघंही माझ्या सायकलीच्या दांड्यावर बसून शाळेत गेले. म्हणून पोराला सायकलीचं वेड लागलं तेव्हा बायकोनं त्याचा दोष माझ्याच पदरात टाकला.

त्याचं वेड मात्र वेगळं. चांगला डांबरी रस्ता सोडायचा आणि दगडगोट्यातून, ओहोळातून सायकल पळवायची. लोकांच्या खिशात मोबाईल नुकते यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. एक जुनी गिअरची सायकल त्यानं कुठून तरी मिळवली आणि आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ती उभी केली. मागचं चाक मी बांधलं. एकेक तार ओढायची, टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. चाक फिरवलं की रिम जागची हलू नये. नाही हलली.

चांदवडच्या डोंगरात शर्यत ठरली. पहिल्या पाचांत येईल त्याला पुढं राज्याच्या संघासाठी बोलावणं होतं. वयाची अट होती आणि त्याचं ते शेवटचं वर्ष. त्यामुळं पोरगं आठवडाभर जेवण उरकलं की लगेच सायकलीपाशी.

शर्यत रविवारी सकाळी, शनिवारी जाऊन रस्ता बघायचा. मुक्काम कुठं, हा प्रश्नच नव्हता. थोरलीला तिकडंच दिली होती, डोंगराच्या पायथ्याला त्यांचा मळा. पण माझ्यापुरता तोच मोठा प्रश्न होता. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे माझ्या बापानं पाळलं, त्याच्या बापानं पाळलं. बायको म्हणाली, आता कुणी पाळत नाही. मी म्हणालो, कुणाचं काय करायचंय. भाकरी, चटणी आणि पाण्याचा कॅन घेतला, एसटीच्या टपावर सायकल बांधली आणि निघालो.

व्याही माणूस मिश्किल. त्यानं आधीच तोड काढून ठेवली होती. त्याच्या मळ्याला लागून भावकीतल्या एकाचं वावर होतं. बांधापलीकडं, त्या माणसाच्या छपरात माझी खाट टाकली. विहीरही त्याचीच, म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला. मी खाटेवर टेकलो तसा व्याही बांधावर येऊन उभा राहिला.

"पाव्हणं, वारा आमच्या मकंतूनच येतोय बरं का. तेवढा चालतो ना?"

"चालतो. वारा शिजवलेला नसतो," मी म्हणालो.

तो हसत गेला. संध्याकाळी पोरगी आली. ताट झाकून आणलं होतं. मला आवडतात म्हणून डुबुकवड्या केल्या होत्या, वास बांधापलीकडूनच आला. मी माझ्या भाकरीचं फडकं सोडून बसलो होतो. ती बांधाच्या त्या अंगाला उभी राहिली. मीच म्हणालो, जा बाई, तुझी माणसं खोळंबली असतील. ती तशीच ताट घेऊन वळली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रीत ती रीत.

सकाळी पोरानं मला एकच काम दिलं. चढाच्या माथ्यावर झेंडा लावलेली जागा होती. पाणी द्यायचं तर तेवढ्याच जागी. दोन फेऱ्यांची शर्यत. पहिल्या फेरीत त्याच्याकडं सायकलीवरची बाटली असणार, दुसऱ्या फेरीत मी हातातली द्यायची. बाटली पोरीनं भरली होती, लिंबू, मीठ, साखर घालून. बाकी नियम शहरातल्या त्या सायकलवाल्या मंडळींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते. रस्त्यात दुसऱ्या कुणी सायकलीला हात लावला, काही अवजार दिलं, की गडी बाद.

माथ्यावर पोचेपर्यंत माझ्या गुडघ्यानं मला शिव्या घातल्या. आणि वर गेल्यावर ध्यानात आलं, माझा कॅन खाली, मळ्यावरून आलो त्या टेम्पोतच राहिला. दिवाळी तोंडावर, ऊन आश्विनातलं, चटका देणारं. सावलीला एक बाभूळ सुद्धा नाही. हातात गार पाण्याची बाटली आणि घशाला कोरड. पण ते पाणी पोराचं, आणि त्यात लेकीच्या घरचं. झाकणाला हात लावला नाही.

पहिल्या फेरीला पोरगं चौथं आलं. दात ओठ खात चढलं आणि मला हातानं खूण करून गेलं, पुढच्या खेपेला. माझी छाती एवढी झाली. शेजारी शिट्टी घेऊन टोपीवाला एक जण उभा होता, त्याला विचारलं नसताना सांगितलं, हा माझा.

मग दुसरी फेरी. पहिला गेला, दुसरा गेला. तिसरा, मग एकदम तिघं. माझं पोरगं नाही. आणखी गेले. एकाला मी विचारलं, निळ्या बनियनचा दिसला का. तो धापा टाकत म्हणाला, खाली पडलाय कुणीतरी. कोण ते सांगायला तो थांबला नाही.

खाली जावं तर गुडघा तेवढा नाही, आणि मी तिकडं गेलो आणि ते दुसऱ्या वाटेनं इथं आलं तर पाणी कोण देणार? उभा राहिलो. वळणाकडं बघत राहिलो. माणसानं काही करू नये आणि नुसतं उभं राहावं, हे काम मला कधी जमलंच नाही.

मग ते आलं. चालत. सायकलीचं मागचं चाक उचलून धरलेलं. कोपर सोलून निघालं होतं. रिम तव्यावरच्या पापडासारखी वाकडी झालेली, एकीकडून दांडीला घट्ट घासत होती, फिरतच नव्हती. मी बांधलेलं चाक ते.

तार आवळायची चावी माझ्या खिशात असते. तेव्हाही होती. थोडा वेळ दिला असता तर मी त्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, निदान फिरण्यापुरता काढला असता. माझा हात खिशात गेला. टोपीवाल्यानं बघितलं. हळूच म्हणाला, "काका, तुम्ही हात लावला तर मला त्याला बाद करावं लागेल."

वाईट माणूस नव्हता. मान खाली घालून बोलला.

पोरानं सायकल आडवी टाकली, दगडाला रिम टेकवली आणि पायानं दाबू लागलं. चुकीच्या बाजूनं. तिकडून दाबलं तर आणखी वाकणार, आंधळ्यालाही कळलं असतं. मी तोंड उघडलं.

"काही सांगू नका, आप्पा," ते वर न बघता म्हणालं. "पाणी तेवढं द्या."

दिलं. घटाघटा प्यालं, थोडं कोपरावर ओतलं, बाटली परत माझ्या हातात दिली.

"दोन घोट ठेवलेत. ओठ बघा तुमचे."

"ताईच्या घरचं हाय ते."

"मग ओता मातीत."

एवढं बोलून पुन्हा चाकाशी झटू लागलं. तीनदा दाबलं, मागचा ब्रेक सोडवला. शेवटी चाक फिरायला लागलं, प्रत्येक फेऱ्याला घासत. एक खांदा वर धरून ते सायकलीवर बसलं आणि उतारावरून गेलं. वळणाआड गेल्यावर दिसेना, पण आवाज येत होता. घस्. घस्. सगळ्या डोंगरात तेवढाच आवाज. मग तोही गेला.

टोपीवाला झेंडा काढायला लागला. मी त्याच्याकडं पाठ केली आणि बाटलीचं झाकण फिरवलं.

मी खाली पोचलो तोवर दोऱ्या गुंडाळून झाल्या होत्या. पोरगं पुरी शर्यत करून आलं होतं. पाच नावं त्याच्या आधीच पुकारून झाली होती. मंडळींनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या म्हणे. टेम्पोत चाक आमच्या दोघांच्या मधी होतं. चावी माझ्या खिशात होती. आता हात लावायला कुणाची ना नव्हती, तरी लावला नाही.

मळ्यावर आल्यावर मी बांधापलीकडं माझ्या खाटेवर टेकलो. बांधाच्या त्या अंगाला पोरीनं त्याचं कोपर धुतलं, हळद भरली. मग सामान आवरायला लागली. बाटली हातात घेतली, हलवून बघितली.

"हा म्हणतो, तुमच्यासाठी दोन घोट ठेवले होते."

"सांडलं," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. भाऊ तिचा खाली बघत होता. व्याही काही तरी बोलणार होता, तिनं त्याला नजरेनंच गप्प केलं. मग ती बाटली विसळून रांजणापाशी गेली, भरली, झाकण लावलं आणि माझ्या खाटेच्या बाजूला चालत आली. पण अलीकडं आली नाही. बांधावरच, दोन्ही वावरांच्या मधी, एका दगडाला टेकवून बाटली ठेवली आणि मागं न बघता घरात गेली.