निसर्गरम्य लिहाल तर चहा आणाल

प्रवासवर्णन लिहायचं तर आधी प्रवास करावा लागतो, असा माझा भाबडा समज होता. चंद्रपूरच्या आमच्या प्रवासलेखन मंडळात शिरलो आणि तो समज गेला. इथे प्रवास कमी घडतो, किस्से जास्त. माझं चष्म्याचं दुकान आहे. दोन मित्र टेकले की पहिला प्रश्न, "मंडळात काय नवीन?" मग गिऱ्हाईक अर्धी फ्रेम कानावर लावून ताटकळत बसतं आणि शेवटी तेही ऐकायला लागतं!

मंडळ भरतं रविवारी संध्याकाळी, एका कोचिंग क्लासच्या माडीवर. शिकवतात बोरकर सर, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. पहिल्याच दिवशी त्यांनी फळा भरून शब्द लिहिले. निसर्गरम्य, नयनरम्य, कुशीत वसलेले, भोळीभाबडी माणसं, आणि असेच कितीतरी. "हे शब्द मेलेले आहेत. यातला एक जरी लेखात सापडला, तर लेखकानं जिना उतरून सगळ्यांसाठी चहा आणायचा!"

तेव्हापासून मंडळाचं साहित्य किती सुधारलं ते सांगता येत नाही. खालच्या चहावाल्या मुरलीची टपरी मात्र पक्की झाली.

*

पहिला बळी गजूभाऊ. हे गडचांदूरचे, चुनखडीच्या खाणीवर त्यांचे ट्रक चालतात. माणूस दिलदार, लिहिण्याची हौस दांडगी. पहिल्या लेखाचं पहिलं वाक्य, "निसर्गाच्या कुशीत वसलेलं हे निसर्गरम्य गाव..."

"चहा!" सर गरजले.

गजूभाऊ खाली गेले, चहा घेऊन आले, घाम पुसून दुसरं वाक्य वाचलं. "चहा!" पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला मुरलीनं विचारलं, "आता कोनता शब्द पकडला, भाऊ?"

"नयनरम्य."

"लेख मोठा हाय का? मंग मी दूध आनून ठेवतो!"

तेव्हापासून जो कोणी खाली जाईल त्याला मुरली हाच प्रश्न विचारतो. शब्द सांगितल्याशिवाय कप भरत नाही.

*

रेखाताईंची शिस्त तर विचारूच नका. ताडोबाच्या सफारीवर लेख द्यायचा होता. ऐनवेळी धावपळ नको म्हणून त्यांनी तो जायच्या आधीच लिहून ठेवला! वाघ बांबूतून बाहेर येतो, जिप्सीसमोर उभा राहतो, रेखाताईंच्या नजरेला नजर देतो आणि त्यांना आयुष्याचा अर्थ कळतो. सगळं व्यवस्थित.

मग त्या खरंच जाऊन आल्या. दिसलं काय? वानरं, चितळं, आणि एकामागे एक लागलेल्या जिप्स्या. रविवारी त्यांनी तोच लेख वाचला, वाघासकट.

सर म्हणाले, "पण ताई, वाघ दिसला का?"

"सर, मी माझं काम वेळेवर केलं. वाघानं त्याचं नाई केलं, त्याले मी काय करू?"

*

सरांचा आग्रह असतो, "गावात जा! लोकांशी बोला! त्यांचं लिहा!" गजूभाऊंनी ते मनावर घेतलं. खाणीजवळच्या एका गावात गेले, पारावरच्या म्हाताऱ्यासमोर बसले आणि खिशातून डायरी काढली.

म्हातारा ताडकन उठला. "आता कोनाची जमीन जाऊन राह्यली?"

आमच्याकडे डायरीवाला माणूस दिसला की लोक हाच हिशेब करतात. गजूभाऊंनी समजूत काढली, "नाई बाबाजी, मी लेखक हाव."

"मंग हे लिहा ना! तुमच्या खानीतल्या ब्लास्टिंगनं भितीले भेगा पडल्या, हे पाहा!" म्हाताऱ्यानं हाताला धरून घर दाखवलं. एका भेगेत तर बोट जात होतं.

गजूभाऊंनी खरंच लिहिलं. रविवारी मोठ्या भावनेनं वाचलं, "त्या मातीच्या भिंतीवर काळानं कोरलेली नाजूक नक्षी पाहून मी हरखून गेलो."

'नक्षी' हा शब्द फळ्यावर नव्हता. पण सरांनी चहाला पाठवलं आणि त्या दिवशी कोणी हसलं नाही. मला तर त्या चहाची चवच लागेना.

*

आता सरांचं. सर आम्हाला "जा, पाहा" म्हणतात, पण त्यांना स्वतःला गाडी लागते. एसटी मूल गावाच्या पुढे गेली की लिंबू हुंगायला लागतात. तरी पार तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्यावर त्यांचा लेख आहे. नदीकाठची पहाट, पलीकडून येणारी तेलुगू गाणी, ओल्या वाळूचा वास.

मंडळातल्या सुमनबाईंनी हात वर केला. या निवृत्त नर्स, आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. "सर, तिकडचा रस्ता तं लई खराब हाय. तुमी कोनत्या गाडीनं गेले?"

सर शांतपणे म्हणाले, "कल्पनेच्या."

"ते बरं हाय. त्या गाडीत उलटी नाई होत!"

*

या सिस्टरबद्दल सांगायलाच हवं. मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रात त्यांची उभी नोकरी गेली. पावसाळ्यात नाला भरला की कंबरभर पाण्यातून लसींचा डबा डोक्यावर घेऊन जायच्या. हे सगळं त्यांनी साध्या भाषेत लिहिलं होतं आणि मंडळ आमच्या निवडक लेखांचं पुस्तक काढणार होतं त्यात ते यावं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. घरात नोकरी करणारी पहिली बाई त्याच. "माह्या नातीनं मायं नाव छापेल पाहावं," म्हणायच्या.

सरांनी लेख परत केला. "छान आहे. पण यात प्रवास कुठे आहे? तुम्ही तर तिथे राहत होतात!"

म्हणजे पुण्याचा माणूस दोन दिवस येऊन गेला तर प्रवासवर्णन, आणि बाईनं जन्म घालवला तर काहीच नाही! मला फार राग आला होता. पण मी गप्प बसलो, कारण माझाही लेख सरांकडेच होता.

*

पुण्याचा माणूस मी उगाच म्हटलं नाही. तिथले एक नामांकित प्रवासलेखक आमच्या पुस्तकाचे पाहुणे संपादक ठरले. त्यांचा 'अरण्यातली माता' हा लेख पुस्तकात पहिला येणार होता. सरांनी तो नमुना म्हणून आम्हाला वाचून दाखवला.

पाहुणे मुलचेऱ्याकडच्या जंगलात फिरताना आजारी पडले. पोटाची पार दैना. तेव्हा शुभ्र वस्त्रातली एक वृद्ध वनमाता प्रकटली. तिनं कुठलीशी रानातली जडीबुटी पाण्यात कालवून पाजली, अगम्य मंत्र पुटपुटले, आणि पाहुणे उठून बसले. "आधुनिक जगाला हे ज्ञान कधी कळेल?" असा शेवट.

आम्ही भारावलो. सिस्टर मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"सर, हे मीच होय! लग्नाचं शिळं मटन खाऊन आले होते हे. मी ओआरएस पाजलं. पांढरी साडी म्हंजे माहा युनिफॉर्म. अन् मंत्र कायचे? 'घोट घोट प्या, घोट घोट प्या' म्हनून राह्यली होती!"

आम्ही खो खो हसलो. मग सिस्टर हसायच्या थांबल्या. "सर, एवढं दुरुस्त कराले सांगा ना त्याईले. मी वनमाता नाई, सरकारी नर्स हाव."

सर चष्मा पुसायला लागले. "पाहुणे आहेत हो ते. कसं सांगायचं? आणि पुस्तकात आता एकच जागा उरली आहे. तीही तेच भरणार, समोर बसून लेख ऐकून. तुम्ही एखादा खरा प्रवास करा, त्यावर लिहा, बघू."

"हाव," एवढंच म्हणून सिस्टर उठल्या. आणि भाचीकडे पुण्याला निघून गेल्या.

*

निवडीच्या रविवारी पाहुणे आले. माडी भरली होती. बाकीच्यांचे लेख झाले, माझाही झाला. पाहुण्यांनी त्यात एक जांभई दिली, असो. शेवटी पुण्याहून परतलेल्या सिस्टर उठल्या. अंगावर इस्त्री केलेली पांढरी साडी. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"सिमेंटच्या दाट अरण्यात ही वस्ती आहे. इथली माणसं भोळीभाबडी..."

"चहा!" सर सवयीनं ओरडले.

"थांबा सर. हे वाक्य पाहुण्यायचं हाय, मी फक्त गाव बदललं." त्या पुढे वाचू लागल्या. "हे लोक एका दाराला तीन कड्या लावतात. पाणी बाहेरून टँकरनं येतं, त्याची वाट पाहत पुरुष खिडकीत उभे असतात. संध्याकाळी सगळे जण इमारतीभोवती गोल गोल फिरतात. यामागची श्रद्धा मला कळू शकली नाही."

पाहुणे मनापासून हसले. "वा, वा! मजेदार!"

"तिथे एकदा माझं डोकं भयंकर दुखलं. तेव्हा एक वृद्ध पिता प्रकटला. त्यानं चांदीच्या पानात जपून ठेवलेली एक पांढरी बी काढून मला दिली आणि काही अगम्य मंत्र पुटपुटला. घटकाभरात वेदना गेली. आधुनिक जगाला हे ज्ञान कधी कळेल?"

पाहुण्यांना हसू आवरेना. "अहो बाई, ती साधी डोकेदुखीची गोळी हो! कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते!"

सिस्टरनं कागद खाली केले.

"ओआरएस बी मेडिकलमंदीच भेटते, भाऊ."

पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं. मग पुन्हा चेहऱ्याकडे, या वेळी बराच वेळ.

गजूभाऊ उठले, सिस्टरच्या हातातले कागद घेतले आणि छापायला जाणाऱ्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवले. सर खिडकीबाहेर पाहत राहिले.

"सर, चहाचं राह्यलं ना!" रेखाताई म्हणाल्या.

कोणीच जागचं हललं नाही. शेवटी पाहुणे स्वतःच उठले आणि जिना उतरून गेले. आम्ही सगळे कान देऊन बसलो. खालून मुरलीचा आवाज आला, "साहेब, कोनता शब्द पकडला?"



"जडीबुटी," पाहुणे म्हणाले.