हवालदारांनी भरलेली डबी

हवालदार म्हणजे पोलीस नव्हेत. आमच्या केंद्रात सरकारी खर्चाने व्यसनावरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास चालायचा. औषध घेणाऱ्यांची लघवी दर आठवड्याला तपासायची. कुणी त्यात पाणी मिसळू नये, दुसऱ्याची खपवू नये म्हणून हे काका नळ बंद करून शौचालयाच्या दाराशी उभे राहत. पोरं 'हवालदार' म्हणून चिडवत, शिव्याही घालत. काका म्हणत, "घाल बाबा शिव्या, पण डबीत नेम धर."

त्यांच्या हातून कोमट डबी माझ्या टेबलावर येई. मी तपासणारी.

पुढे त्यांचा मुलगाच अभ्यासात आला. दृष्ट लागावी असा सुधारला; पोटभर जेवू लागला, आईशी बोलू लागला. बापाने मुलाची डबी आणू नये, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही!

एका सकाळी मुलगा दाराशीच कुजबुजला, "बाबा, काल चुकलो. एकदाच."

एकदा सापडलं की हकालपट्टी, असं रांगेतली पोरं सांगत. ते साफ खोटं होतं. अशा वेळी आम्ही फक्त डोस वाढवत असू. पण दाराशी उभ्या माणसाला नियम कोण सांगतो? काकांनी मुलाला बाहेर बसवलं आणि डबी स्वतःच भरली.

डबीत नशेचा मागमूस नव्हता. पण आमचं औषधही नव्हतं. पोरगा औषध घेत नाही, बाहेर विकतो, असं ठरलं आणि त्याच दिवशी त्याचं औषध बंद झालं.

काका धावत अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "मॅडम, ती माझी होती. तो रोज घेतो हो, माझ्यासमोर घेतो!"

"मग तर खोटा नमुना झाला, काका. आता तो परत येऊ शकत नाही. तुम्हीही नाही." असल्या नियमाची मला आजही चीड येते.

औषध सुटलं, नशा परतली आणि महिन्याभरात मुलगा त्यातच गेला. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, त्याचीच डबी दिली असती, तरी काढलाच असता ना?"

"काढलाच असता, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि बायकोला म्हणाले, "ऐकलंस ना?"