हरण्यासाठी विंडसरला

कॅनडातील आमच्या स्कारबरोच्या बिल्डिंगमधील एक गृहस्थ दर रविवारी चर्चमधून थेट माझ्या दारी येतात आणि "साहेब, काय कळलं का?" एवढेच विचारतात. वसईत असलेल्या त्यांच्या पत्नीचा व्हिसा दोनदा नाकारला गेल्यानंतर तिसरा अर्ज मी स्वहस्ते लिहिला आहे.

आम्ही पाच मित्र विंडसरच्या कॅसिनोत सहलीला गेलो, तेव्हा हे एकटेच हरल्यावर टाळ्या पिटत होते.

"परत हरलो! साहेब, सगळं वाईट नशीब इथंच संपवतो, म्हणजे व्हिसा आलाच!"

त्या आनंदाची आम्हालाही लागण झाली. प्रत्येक पराभवाला आम्ही जयघोष करू लागलो.

इतक्यात त्यांचे मशीन दिवे उधळीत गाऊ लागले.

"जॅकपॉट! आता पार्टी दे रे!" मित्र ओरडले.

गृहस्थांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. माझा हात घट्ट धरून ते म्हणाले, "साहेब, बटण मी नाही ना दाबलं?"

आजवर एकाही अर्जात मी असत्य विधान केलेले नाही. तरीही सर्वांदेखत, अत्यंत गंभीरपणे मी म्हणालो, "नाही. मी दाबले."

त्यांनी मला कडकडून मिठी मारली आणि ते पुढच्या मशीनकडे हरायला धावले.