बराबर म्हणणारा ड्रायव्हर

गोरेगाव-हिंगोली जीपच्या त्या ड्रायव्हरला दर वाक्याला ‘बराबर’ म्हणायची सवय होती. मी शिक्षक, त्याचा रोजचा प्रवासी. एकदा रागानं माहेरी निघालेली एक बाई जीपमध्ये बसली आणि मागोमाग तिचा नवरा भांडत आला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आम्ही सगळे खोळंबलो.

“काय झालं, ताई?”

“मी तापानं फणफणले, ह्यांनी विचारलं बी न्हाई.”

नवरा उसळला.

“बराबर. पन भाऊ, आधी ती काय म्हनली ते सांग,” ड्रायव्हर म्हणाला.

नवरा अडखळला. “तिला वाटलं, मला तिची फिकीर न्हाई.” मग हळूच म्हणाला, “तिचा ताप बघून मला भ्या वाटलं होतं. बोलायलाच सुचंना.”

बाई त्याच्याकडे वळली. मग पिशवी मांडीवर घेत सरकली.

“बसा. दोघंबी जाऊ, आई वाट पाहून राहिली.”